टाकीवर आग, तोंडावर रुमाल

सबमिशनची धावपळ संपली की एकदा आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमधून सावकाश चक्कर मारा. पल्सर, बुलेट, स्प्लेंडर, कुणाच्या तरी वडिलांची जुनी यामाहा... आणि त्यातच एखादी गाडी अशी दिसेल, की जिच्या टाकीला आग लागलीय! खरी नाही हो, रंगवलेली. पण इतकी हुबेहूब, की हात लावला तर चटका बसेल असं वाटावं. मालक शेजारीच उभा असतो आणि फर्स्ट इयरच्या पोरांना ऐकवत असतो, "स्टिकर नाय भावा, एअरब्रश आहे!"

हा लेख त्या आगीबद्दल आहे. "ही सगळी पोरांची थेरं" म्हणणाऱ्या सरांसाठी आहे आणि "कसली भारी दिसते राव" म्हणणाऱ्या पोरांसाठीही आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. टाकीवर आग रंगवणं ही कला आहे. त्यात आपण चार वर्षं शिकतो ते इंजिनिअरिंगही ठासून भरलेलं आहे. पण ती रंगवणाऱ्या माणसाच्या छातीचा खर्च आपण कधीच बिलात धरत नाही. तो धरला पाहिजे. आणि धरायची ऐपत नसेल, तर सरळ स्टिकर लावावा.

आधी कलेबद्दल. गाडीवर ज्वाला काढायची हौस जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात, तरुण पोरं जुन्या गाड्या घेऊन त्यांची इंजिनं वाढवायची आणि बॉनेटवर लांबच लांब जिभा असलेल्या ज्वाला काढून घ्यायची. 'व्हॉन डच' या नावाने ओळखला जाणारा केनेथ हॉवर्ड त्या काळातला मोठा पेंटर. पण त्या ज्वाला म्हणजे नक्षी होती. मास्किंग टेप लावायची, आत पिवळा-लाल रंग मारायचा आणि कडेने बारीक रेघ ओढायची. बघणाऱ्याला कळायचं, की हे आगीचं चित्र आहे. खरीखुरी वाटणारी आग त्याच्या बऱ्याच नंतरची. माइक लावाली या अमेरिकन पेंटरने ती 'ट्रू फायर' या नावाने गाजवली, आणि टीव्ही व व्हिडिओंमधून ती जगभरच्या गॅरेजांत पोचली. तशी ती आपल्या पिंपरी-चिंचवडलाही आली. आणि का येऊ नये? ज्या पट्ट्यात आकुर्डी आणि चाकणला दुचाकी बनतात, पिंपरीला ट्रक बनतात, तिथल्या पोरांना गाडीचं वेड नसेल तर कुणाला असणार!

आता ही आग काढतात कशी ते बघू, कारण इथेच आपला अभ्यासक्रम डोकावतो. टाकी आधी पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून घ्यायची. पोचा असेल तर लांबी भरायची, प्रायमर मारायचा आणि मग संपूर्ण काळा रंग. आग नेहमी काळ्यावर काढतात, कारण अंधारातच उजेड दिसतो. मग हातात एअरब्रश. पेनासारखं धरायचं हत्यार, नोझलचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. त्याचं बटण खाली दाबलं की हवा येते, मागे ओढलं की रंग येतो. एकाच बोटाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या. आपल्याला ड्रॉइंगमध्ये एक रेघ सरळ येत नाही, हे आठवा म्हणजे त्या बोटाची किंमत कळेल.

पहिल्या हातात फिकट नारिंगी रंगाने मोकळ्या वळणांच्या ज्वाला काढतात. कड कुठेही आखत नाहीत. मग त्यावर 'कँडी' रंग मारतात, म्हणजे काचेसारखा पारदर्शक रंग. त्यातून खालचं सगळं दिसत राहतं. त्यावर पुन्हा उजळ ज्वाला, पुन्हा कँडी, असे थरावर थर चढवत जायचं. जिथे दोन ज्वाला एकमेकींवरून जातात तिथे पिवळा, आणि अगदी टोकाच्या झगझगीत जागी पांढुरका ठिपका. शेवटी मधल्या पोकळ्यांत थोडा काळा परत मारला की आगीला खोली येते.

हे असंच का, हे पेंटरला कुणी वर्गात शिकवलेलं नसतं. पण कारण आपल्या पुस्तकात आहे. मेणबत्तीची किंवा लाकडाची आग पिवळी दिसते, कारण तिच्यात काजळीचे बारीक कण तापून उजळलेले असतात. जास्त तापलेले कण पिवळे-पांढरे, कमी तापलेले लाल. म्हणून पेंटर आतून बाहेर पिवळा, नारिंगी, लाल असा जातो. आणि ज्वाला ही भरीव वस्तू नाही, तो तापलेल्या वायूचा पातळ पडदा असतो. पडद्याच्या कडेला आपली नजर त्या उजळ थरातून जास्त अंतर जाते, म्हणून कड मधल्या भागापेक्षा जास्त चमकते. पेंटरने हे कधी मोजलेलं नसतं, पण चुलीसमोर आणि शेकोटीसमोर बसून डोळ्यांनी टिपलेलं असतं. आपण हीट ट्रान्सफरचा पेपर देऊन विसरून जातो, आणि तो माणूस तेच रेडिएशन रोज टाकीवर काढतो!

आपल्याकडे 'पेंटर' आणि 'यंत्र जाणणारा' ही दोन वेगळी माणसं कधी नव्हतीच. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आठवा. १८९० मध्ये जन्मलेले बाबूराव मेस्त्री नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून आडनावच 'पेंटर' पडलं. त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले, तरी बाबूरावांनी नाद सोडला नाही. १९१८ च्या सुमारास देशी बनावटीचा कॅमेरा तयार झाला आणि १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला. रंगाच्या डब्यात हात घातलेल्या माणसाने लेथवर काम करून घेतलं आणि सिनेमा उभा केला. तेव्हा "पेंटर काय, दहावी नापास असेल" असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

इथवर सगळं छान आहे. आता नजर टाकीवरून काढून टाकी रंगवणाऱ्याच्या तोंडाकडे न्या. काय दिसतं? बहुतेक वेळा एक रुमाल. फार तर कोविडच्या काळातला, कानाला अडकवायचा निळा मास्क. माझी खरी तक्रार इथून सुरू होते.

आग काढून झाली, की तिच्यावर चकाकी येण्यासाठी आणि पेट्रोल सांडलं तरी रंग निघू नये म्हणून क्लिअर मारतात. हा क्लिअर 'टू-के' असतो, म्हणजे दोन डब्यांचा. एका डब्यात लॅकर आणि दुसऱ्यात हार्डनर. हा हार्डनर का लागतो, हे इंजिनिअरने समजून घेण्यासारखं आहे. कंपनीच्या पेंट शॉपमध्ये बॉडी आधी केमिकलने धुतात, मग विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवायच्या टाकीत बुडवतात, त्यावर बेस कोट, मग क्लिअर, आणि मग साधारण १४० अंश सेल्सियसच्या भट्टीतून काढतात. भट्टीच्या उष्णतेने रंग पक्का होतो. आता आपली शेड घ्या. डोक्यावर पत्रा, बाजूला कॉम्प्रेसर, आणि भट्टी म्हणजे एप्रिलचं ऊन! शिवाय गाडीचे प्लास्टिकचे भाग १४० अंशांत घातले तर पापडासारखे वाकडे होतील. म्हणून उष्णतेचं काम रसायनाकडून करून घ्यायचं. ते रसायन म्हणजे आयसोसायनेट. ते साध्या हवेतही लॅकरचे रेणू एकमेकांत घट्ट गुंफतं आणि काचेसारखा कडक थर तयार होतो.

म्हणजे कंपनीत जे काम भट्टी करते, ते शेडमध्ये हार्डनर करतो. आणि कंपनीत जे काम रोबो आणि बंद बूथ करतात, ते शेडमध्ये माणसाचं फुफ्फुस करतं.

आयसोसायनेट हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय ना? डिसेंबर १९८४, भोपाळ. तिथे गळलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. घाबरू नका, टाकीच्या क्लिअरमधला पदार्थ तो नाही. हा त्याच्यासारखा सहज उडून जात नाही आणि त्याने गावं मरत नाहीत. पण रासायनिक गट तोच आहे, नायट्रोजन-कार्बन-ऑक्सिजनचा, शरीराला लगेच जाऊन चिकटणारा. गनमधून फवारा उडाला की त्याचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगतात आणि श्वासातून खोल जातात. काही जणांच्या शरीराला त्याची 'ओळख' पटते, आणि एकदा पटली की पुसत नाही. मग पुढे अगदी थोडा फवारा नाकात गेला तरी दम लागतो, छाती भरते, रात्री खोकल्याने झोप उडते. यालाच व्यवसायातून होणारा दमा म्हणतात. ब्रिटनमध्ये गाड्या रंगवणाऱ्यांना हा दमा इतर कामगारांपेक्षा कितीतरी पटीने जास्त होतो, हे तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याने वारंवार सांगितलं आहे.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे वास. थिनरचा वास नाकात बसतो, म्हणून आपण थिनरला घाबरतो. आयसोसायनेटचा वास यायला लागेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. म्हणजे नाक हा सेन्सरच इथे निकामी! फवारा बारीक असला की डोळ्यांनाही दिसत नाही. गन बंद केली, रुमाल काढला, तिथेच उभं राहून चहा प्यायला... आणि हवा अजून स्वच्छ झालेलीच नसते. म्हणून टू-के मारताना बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मास्क लागतो. कोळशाच्या डब्या असलेला साधा मास्क एअरब्रशच्या रंगकामाला आणि थिनरला बरा, पण क्लिअरसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही, कारण डबी कधी संपली हे वासावरून कळायला मार्ग नाही. आणि रुमाल? रुमाल लग्नाच्या पंगतीत जागा धरायला चांगला.

आता खऱ्या आगीकडे येऊ. ताथवड्यात राहणाऱ्यांना मी आग काय असते हे सांगायची गरज नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्री इथेच टँकरमधून सिलिंडरमध्ये चोरून गॅस भरताना स्फोटांमागून स्फोट झाले आणि शेजारी उभ्या असलेल्या स्कूलबस जळाल्या. दोनच महिन्यांनी, ८ डिसेंबर २०२३ ला, तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या एका छोट्या शेडला आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या बाया होरपळून गेल्या. दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच होती. पेट घेणारा माल, छोटी जागा, आणि कुणाचंही लक्ष नाही.

आपली रंगाची शेड याहून फार वेगळी आहे का? थिनरमध्ये टोल्युईन असतं. त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण ४ अंश सेल्सियस. म्हणजे ताथवड्याच्या कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ ठिणगी मिळताच पेटू शकते. ती वाफ हवेपेक्षा तिप्पट जड असते, त्यामुळे वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत राहते. आणि जमिनीलगतच कॉम्प्रेसरची मोटर, उघड्या वायरचा बोर्ड, शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग! कँडी रंगाने ज्वाला काढणारा माणूस खऱ्या ज्वालेपासून एका स्विचच्या अंतरावर बसलेला असतो.

यावर कट्ट्यावर मला तीन उत्तरं मिळतात. तिन्ही खोटी नाहीत, पण तिन्ही अपुरी आहेत.

पहिलं उत्तर, "अरे, मास्क दिला तरी ते स्वतःच घालत नाहीत." खरं आहे. मे महिन्यात पत्र्याखाली रबरी मास्क घालून तासभर काम करून बघा, मग कळेल का घालत नाहीत. पण म्हणून तो प्रश्न सुटला असं होत नाही. जे घालवत नाही ते डिझाइन चुकलं, हे आपल्याला दुसऱ्याच वर्षी शिकवतात.

दुसरं उत्तर, "हा त्यांचा धंदा आहे, आपण कोण?" आपण गिऱ्हाईक आहोत! आणि गिऱ्हाईक म्हणून आपण काय करतो? चार गाळे फिरतो, "पलीकडचा याच्यापेक्षा कमीत करतो" म्हणून भाव पाडतो, आणि वर "गॅदरिंगच्या आधी पाहिजे हं काका" म्हणून घाई करतो. भाव पाडला की पेंटर काय कापणार? रंग कापला तर टाकीवर दिसतं. मजुरी कापली तर पोरं उपाशी. मग तो कापतो मास्क, पंखा आणि मधला वेळ. आपल्या घासाघिशीतून वाचलेले पैसे त्याच्या छातीतून येतात. दोन-तीन माणसांच्या शेडला कारखान्याचे नियम सहसा लागत नाहीत, तिथे तपासायला कुणी येत नाही. म्हणजे त्या शेडमध्ये नियम लावू शकणारा एकच माणूस उरतो, पैसे देणारा.

तिसरं उत्तर, "मग रंगवूच नका, स्टिकर लावा." याच्याशी मी अर्धा सहमत आहे. ज्याला मास्कसकट पैसे देणं झेपत नाही त्याने खुशाल स्टिकर लावावा, त्यात कमीपणा नाही. पण सगळ्यांनीच स्टिकर लावले तर ज्या बोटाचं मी वर कौतुक केलं ते बोट उद्या डिलिव्हरीच्या पिशव्या उचलेल. कारागिराला वाचवायचं म्हणून त्याचं कामच काढून घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. काम ठेवा, विष काढा.

जाता जाता गाडीमालकांना एक-दोन कायद्याच्या गोष्टी, कारण चौकात मामा अडवतील तेव्हा मला शिव्या नकोत. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. सगळी गाडीच वेगळ्या रंगाची करणार असाल तर आधी आरटीओत विचारून रीतसर नोंद करा. नंबर प्लेटवर ज्वाला, कवट्या, 'राजे', 'भाऊ' काहीही चालत नाही. आणि ऑलिव्ह ग्रीन रंग मोटार वाहन नियमांनी फक्त सैन्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे, तेव्हा बुलेटवर लष्करी हिरवा मारून मग त्यावर आग काढायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

मग करायचं काय? नुसतं पोटतिडकीने लिहून टाळ्या घ्यायच्या असतील तर इथेच थांबलो असतो. पण आपण इंजिनिअर होणार आहोत (केटी सुटल्या तर!), म्हणून चार ठोस गोष्टी मांडतो.

एक, भाव ठरवताना पेंटरला विचारा, "क्लिअर कशात मारता? मास्क कुठला?" आणि घासाघीस करायचीच असेल तर डिझाइनवर करा. दोन ज्वाला कमी काढा, पण सुरक्षिततेचे पैसे कापू नका. चार-पाच मित्र एकाच शेडमध्ये गाड्या देणार असाल तर मिळून त्या काकांना एक चांगला मास्क घेऊन द्या. कोळशाच्या डब्यांचा मास्क मेसच्या महिन्याच्या बिलाच्या आसपास येतो. तो पूर्ण उत्तर नाही, पण रुमालापेक्षा लाखपट बरा.

दोन, घाई करू नका. गॅदरिंगच्या आदल्या रात्री क्लिअर मारून घेणारा गिऱ्हाईक पेंटरला बंद शटरआड काम करायला लावतो. पंधरा दिवस आधी गाडी द्या.

तीन, आणि हे आपल्या स्टाफसाठी आहे. दरवर्षी आपले फायनल इयरचे कितीतरी प्रोजेक्ट अहवालाच्या काळ्या बाइंडिंगमध्ये कायमचे झोपतात. त्याऐवजी मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या पोरांना एक प्रोजेक्ट द्या ना. छोट्या शेडला परवडेल असा रंगाचा बूथ. हवा एका बाजूने फिल्टरमधून आत, जमिनीलगत दुसऱ्या बाजूने बाहेर, पंख्याची मोटर वाफेच्या मार्गाबाहेर. कमी दाबाची एचव्हीएलपी गन, म्हणजे रंग हवेत कमी उडेल आणि टाकीवर जास्त बसेल. आणि स्वच्छ हवेचा नळीवाला मास्क, जो मे महिन्यातही घालवेल. फ्लुइड मेकॅनिक्स आहे, सेफ्टी आहे, कॉस्टिंग आहे. वायवाला एक्स्टर्नल खूश. शिवाय वापरणारा माणूस कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

चार, सुरुवात घरापासून. आपल्या बाहाच्या टीमची गाडी स्पर्धेला न्यायच्या आधी वर्कशॉपमागे रात्री रंगवतात, आणि हॉस्टेलच्या खोल्यांत दार लावून स्प्रे कॅनने हेल्मेट रंगवणारे महाभाग मला नावानिशी माहीत आहेत. (रेक्टर सर, नावं सांगणार नाही.) हार्डनर असलेला कुठलाही रंग बंद खोलीत मारायचा नाही, आणि रंग कुठलाही असो, तो मारताना शेजारी इस्त्री चालू ठेवायची नाही. एवढा नियम टीमच्या रूलबुकात आणि हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर यायला काय हरकत आहे?

आपल्या पट्ट्यात एका बाजूला देशातली उत्तम पेंट शॉप्स आहेत, जिथे माणूस काचेपलीकडे उभा राहतो आणि रोबो गन चालवतो. दुसऱ्या बाजूला पत्र्याची शेड आहे, जिथे माणूसच गन आहे आणि माणूसच फिल्टर. आपण कॅम्पसमधून पास होऊन पहिल्या बाजूला नोकरीला जाणार, आणि गाडी मात्र दुसऱ्या बाजूला रंगवून घेणार. या दोन बाजूंमधलं अंतर कमी करणं हेच तर इंजिनिअरचं काम. टाकीवरच्या आगीला वाहवा मिळतेच. तिच्या काळ्या रंगाआड ज्या माणसाचा श्वास अडकलाय, त्याच्याकडे बघून आपण पुढच्या वेळी बिलात एक ओळ वाढवली तर ती आग खऱ्या अर्थाने आपली म्हणता येईल.